अंगणवाडीतल्या गोष्टी वहीत आहेत, पुस्तक करायचं तर सुरुवात कुठून?

खाडीकाठची बाय

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात कर्लीच्या खाडीकाठी मी अंगणवाडी सेविका आहे. हे चौदावं वर्ष. पटावर २३ पोरं, रोज येणारी सतरा-अठरा, आणि किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढायची असली की तेवढीही नाहीत.

पोरांना गोष्ट लागते ती खाऊच्या आधी. नंतर सांगितली तर निम्मी पेंगतात. सुरुवातीला मी छापील गोष्टीच सांगायचे. सिंह, उंदीर, राजा, राणी. पण आमच्या खोलीच्या मागच्या खिडकीतून खाडी दिसते, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की चिखलात निवटे, हे छोटे मासे, उड्या मारायला लागतात. मी इकडे सिंह करतेय आणि अर्धी पोरं खिडकीशी. मग एक दिवस सिंह सोडला आणि निवट्याचीच गोष्ट सुरू केली. तिथून आजवर अकरा झाल्या. पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, अडकलेला चंद्र, कालवं काढणारी म्हातारी, तिवराच्या मुळांत हरवलेली चप्पल, अशा. मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर भरून झाला, वजनं-उंच्या झाल्या की दुपारी वहीत उतरवून ठेवते.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकांनी एका प्रकाशकांचा नंबर दिला. फोनवर बोलायला फार गोड. ३८ हजारांचं पॅकेज आहे म्हणाले. त्यात १०० प्रती, मुखपृष्ठ, आयएसबीएन नंबर, हॉल घेऊन प्रकाशन, मानपत्र आणि ट्रॉफी. वर असंही म्हणाले की प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य टाका, म्हणजे शाळा घेतील. चित्रं ते संगणकावर करून देणार. नमुना म्हणून निवट्याचं एक पाठवलं, त्याला चार पाय आहेत आणि तो हसतोय.

घरी विषय काढला तर नवरा म्हणाला, होडीचं इंजिन खोलायचंय, त्याला बरोबर एवढेच लागतात. भांडण नाही झालं, पण तेव्हापासून मी वही कपाटात ठेवली आहे.

मला विचारायचंय ते असं. पुस्तक छापायला लेखकाने पैसे द्यायचे असतात का? चित्रं आपण काढून पाठवायची की ते काढतात? पोरं मालवणीत बोलतात, गोष्ट कुठल्या भाषेत लिहायची? आणि कुणाला वाचायला पाठवली आणि त्यांनी आपल्या नावावर छापली तर?

पहिल्या गोष्टीची सुरुवात खाली देते. मोकळेपणाने सांगा, मी रडत नाही.

«कर्ली नदीच्या निसर्गरम्य काठावर, हिरव्यागार कांदळवनात टुण्या नावाचे एक गोंडस निवट्याचे पिल्लू आपल्या प्रेमळ आईसोबत आनंदाने राहत होते. टुण्या अतिशय खोडकर होता. तो आईचे अजिबात ऐकत नसे.»

परळ ते पणदूर

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. हल्ली पोरं पुस्तक बघतात कुठं? माझा पुतण्या तीन वर्षांचा, मोबाईल दिल्याशिवाय घास घेत नाही. यूट्यूब चॅनल काढा, पैसे पण मिळतील.

माळ्यावरचे गुरुजी

ताई, ३८ हजार इंजिनाला घाला. आधी ते करा, मग पुढचं वाचा.

(परळवाल्या भाऊंना एकच सांगतो. या बाईंसमोर रोज सतरा पोरं फोनशिवाय बसतात. पुतण्याला पाठवा तिकडे आठवडाभर.)

मी दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं काढली. आमच्याच तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी, त्यामुळे इथल्या प्रत्येक मास्तरला आपण लिहावं असं एकदा तरी वाटतंच. मलाही वाटलं. २०११ साली मी समुद्रकासवावर २४ पानांचं रंगीत पुस्तक काढलं. स्वतःच्या पैशाने, हजार प्रती, ४१ हजार रुपये. भविष्यनिर्वाह निधीतून काढले होते, बायकोला दिवाळीनंतर कळलं. त्यातल्या ६४० प्रती आजही माळ्यावर आहेत. म्हणजे होत्या. आर्ट पेपरला कोकणातली ओल लागली की पानाला पान चिकटतं, आणि सोडवायला गेलं की चित्राचा वरचा पापुद्रा निघतो. तीन पावसाळ्यांत माझ्या कासवाची वीट झाली. नावात माळा आहे तो त्यामुळे.

पण पैसे गेले त्याचं एवढं नाही. चुकलो ते दुसरीकडेच.

चित्रकार शहरातला होता. माणूस गुणी, हात सुरेख. त्याने चौदाव्या पानावर वाळूतल्या खळग्यात अंडी दाखवली आणि शेजारी डोळे मिटून बसलेली आई. मी बघून गहिवरलो. आमच्या पिढीला बालसाहित्य म्हटलं की आई लागतेच. छापून झाल्यावर पुस्तक घेऊन मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेलो. तिथे २००२ पासून कासवांची घरटी राखायचं काम चालतं. अंडी किनाऱ्यावरून उचलून कुंपणातल्या वाळूत ठेवतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. तिथली पोरं हे दरवर्षी बघतात. मी मोठ्या थाटात वाचायला बसलो. चौदाव्या पानावर तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही इथं काय करतेय? ती तर अंडी घालून रात्रीच गेली ना?"

खरंच. ऑलिव्ह रिडलेची मादी शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते, वर स्वतःच्या अंगाने ती दाबते आणि त्याच रात्री पाण्यात परत जाते. पिल्लांना आई दिसतच नाही. मला हे माहीत होतं. माहीत असून मी ते चित्र पास केलं, कारण आईवाचून गोष्ट कशी होणार! त्या पोरीने नंतरची दहा पानं ऐकली नाहीत. बरोबर केलं तिने.

तेव्हा ताई, पुस्तक कुठे छापायचं हे जरा बाजूला ठेवा. तुमच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नव्हतं. रोज सकाळी सतरा मुद्रितशोधक फुकट मिळतात तुम्हाला. वहीतलं तोंडी सांगू नका, वही हातात धरून जसंच्या तसं वाचा. पोर कुठे खिडकीकडे वळलं तिथे पेन्सिलीने खूण करा. कुठे "परत सांग" म्हणालं तिथेही करा.

आता तुमची सुरुवात. ती वाचून मला शंका आली की पोरांना सांगताना तुम्ही असं बोलतच नसाल. 'निसर्गरम्य' शब्द काढल्यावर तीन वर्षांचं पोर तुमच्या तोंडाकडे बघत राहील. काठ, हिरवं रान, पिल्लाचा गोंडसपणा हे सगळं चित्रात येणार. आई प्रेमळ आहे हे सांगावं लागलं म्हणजे गोष्टीत ती कुठे दिसली नाही. 'खोडकर होता' म्हणण्यापेक्षा एक खोडी करायला लावा. काढत काढत गेलात तर दोन नावं आणि एक चिखल उरेल. तेवढं पुरतं. तीन ते सहा वर्षांच्या पोरांच्या चित्रपुस्तकाला तीनशे शब्द म्हणजे भरपूर, दीडशेतही होतं. आणि शेवटी 'म्हणून आईचे ऐकावे' असं लिहिलं असेल तर ते आजच खोडा. ते तात्पर्यवाले काही म्हणोत.

पैशांचं. लेखकाकडून पैसे घेऊन छापणाऱ्याला पुस्तक विकायची गरजच उरत नाही, त्याचं गिऱ्हाईक तुम्हीच. नफा पहिल्याच दिवशी झालेला असतो. आयएसबीएनचा बाऊ करतात, तर ऐका. तो १३ आकड्यांचा ओळखक्रमांक आहे, पुस्तक कुठलं ते दुकानाला आणि ग्रंथालयाला कळावं म्हणून. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाकडची राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते आणि त्याला फी नाही. स्वतः छापणाऱ्या लेखकालाही ऑनलाइन अर्ज करून मिळतो. त्याने पुस्तक चांगलं ठरत नाही. नीट प्रकाशक असेल तर छपाई, चित्रं, कागद सगळं त्याच्या खर्चाने होतं आणि तुम्हाला विक्रीवर काही टक्के रॉयल्टी किंवा एकरकमी मानधन मिळतं. चित्रपुस्तकात रॉयल्टी बहुधा चित्रकाराबरोबर वाटली जाते. रक्कम मोठी नसते. होडीचं इंजिन यातून होणार नाही.

चोरीची भीती सगळ्यांना वाटते, मलाही होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही वहीत लिहिलंत त्याच क्षणी हक्क तुमचा झाला. नोंदणी केली तर पुरावा म्हणून कामाला येते, पण सक्तीची नाही. तुम्ही असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं तो राहतो, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत. मी खबरदारी म्हणून स्वतःलाच ईमेल करून ठेवतो, तारीख राहते. चोरीपेक्षा सहीला जपा. करारात 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य असेल तर थांबा. हक्क लेखीच द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. आणि किती वर्षांसाठी ते लिहिलंच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर भारतापुरतं धरतो. कलम १९. मला हे ५४ व्या वर्षी कळलं, तुम्ही आताच वाचून ठेवा.

कुठे पाठवायचं? आधी मासिकं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, पण त्याचा वाचक मोठा, शाळेतला. तुमची 'पागात अडकलेला चंद्र' थोडी लांबवून तिथे बघा. निवटा तिथे जाऊ नये, तो लहानांचा आहे. लहानांसाठी 'चिकूपिकू' आहे. दिवाळी अंकाला द्यायचं तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा. गणपतीत पाठवलेलं पुढच्या वर्षी वाचतात. पुस्तकासाठी मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनासारखी चित्रपुस्तकांत मुरलेली घरं आहेत. दिल्लीचा नॅशनल बुक ट्रस्ट मराठीतही मुलांची पुस्तकं काढतो. पाठवण्याआधी त्यांची दहा-बारा पुस्तकं बघून घ्या. कुठल्या वयाची, किती पानांची, किती शब्दांची. मी कासव एका प्रकाशकाकडे पाठवलं होतं, तर ते फक्त स्पर्धा परीक्षेची पुस्तकं काढतात असं उत्तर आलं. पत्ता मी वर्गातल्या गाइडवरून घेतला होता.

अजून एक वाट आहे. बंगळुरूची 'प्रथम बुक्स' ही ना-नफा संस्था आहे, त्यांचं 'स्टोरीविव्हर' हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, आणि तिथली चित्रं घेऊन आपली गोष्ट स्वतः मांडताही येते. गोष्टींच्या चार पायऱ्या केल्या आहेत, पहिली २५० शब्दांपर्यंत. सराव म्हणून उत्तम. मात्र तिथे टाकलेली गोष्ट खुल्या परवान्यात जाते. कुणीही भाषांतर करावं, छापावं, विकावं, तुमचं नाव दिलं म्हणजे झालं. हे पटत असेल तरच टाका. मी दोन टाकल्यात. एकीचं हिंदी झालेलं बघून दोन दिवस गावभर सांगत फिरलो.

स्वतः छापायची खाज सुटलीच तर कायद्याने प्रकाशक तुम्हीच. १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ग्रंथालयांना, त्यात मुंबईचं एक, आपल्या खर्चाने पाठवावी लागते. मी पाठवली. माझं कासव कोलकात्यात आहे. तिथे ओल कमी असावी.

बोलीचं राहिलं. मालवणी मला फारशी येत नाही, बदली कधी झाली नाही तिकडे. तरी माझं मत असं की सांगणं साध्या मराठीत ठेवा आणि पात्रांच्या तोंडी मालवणी ठेवा, तीही परत परत येणारं एखादं वाक्य. ते वाक्य सगळ्या महाराष्ट्रातली पोरं पाठ करतील. अर्थ चित्रातून कळतो.

खाडीकाठची बाय

गुरुजी, दोनदा वाचलं. 'आईचे ऐकावे' होतं शेवटी. खोडलं.

टुण्याचं वाक्य आहे एक, मी वहीत प्रमाण मराठीत लिहिलं होतं. सांगताना मी म्हणते, "मी नाय येवचंय!" आई बिळात बोलावते आणि तो प्रत्येक वेळी हेच म्हणतो. चौथ्या वेळेला मी गप्प बसते, पोरंच ओरडतात.

माळ्यावरचे गुरुजी

अहो मग पुस्तक झालंच की! हे वहीत का नाही?

चितारआळी

मी सावंतवाडीत चित्रं काढते, त्यातली काही पुस्तकांसाठी. थोडक्यात लिहिते, गणपतीची शाळा चालू आहे आणि हात शाडूचे आहेत.

चित्रं काढून पाठवू नका. नुसती गोष्ट पाठवा. चित्रकार प्रकाशक ठरवतो. मैत्रिणीच्या मुलीने काढलेली गोड चित्रं सोबत जोडली की संपादक आधी ती बाजूला करण्यात दमतो. तुम्ही स्वतः लिहिता आणि काढता असं असेल तर गोष्ट वेगळी, माधुरी पुरंदऱ्यांसारखी. पण ते दोन्ही हातांनी पाग टाकण्यासारखं आहे, सगळ्यांना जमत नाही.

पाठवायला नको, पण स्वतःसाठी एक कच्ची पुस्तिका नक्की करा. ए-फोरचे सहा कागद एकात एक घालून मधे दुमडा आणि मधोमध सुईने दोन टाके घाला. २४ पानं झाली. पानं चारच्या पटीत असतात ती अशी घडीमुळे. पहिलं पान नावाला, दुसरं छापखान्याच्या मजकुराला, शेवटचं सोडा. राहिलेल्या एकवीस पानांत गोष्ट बसवा. पेन्सिलीने एका पानावर एक-दोन वाक्यं लिहा. चित्राच्या जागी नुसता गोल काढून आत लिहा, 'टुण्या इथे', 'पाणी इथपर्यंत'. लगेच दिसेल की तीन पानं सलग एकच चित्र होतंय. तिथे गोष्ट हलत नाहीये. आणि पान उलटतानाची गंमत वाया घालवू नका. उजव्या पानावर तो "मी नाय..." म्हणतो आणि "...येवचंय!" पान उलटल्यावर. पोर स्वतः पान उलटायला झेपावलं पाहिजे.

त्या चार पायांच्या निवट्याबद्दल. निवट्याला पाय नसतात, छातीचे पर असतात, त्यांवर तो कोपर टेकल्यासारखा सरकतो. डोळे डोक्याच्या वर, फुग्यासारखे, एक एक करून आत ओढून ओले करतो. हे मला माहीत आहे कारण आजोळ आचऱ्याला. नागपुरातल्या चित्रकाराला कसं माहीत असणार? तेव्हा पुस्तक ठरलं की त्याला फोटो पाठवा, पन्नास पाठवा. सुकतीचा चिखल, भरतीची खूण, तिवराची मुळं, तुमची खिडकी. गुरुजींच्या चौदाव्या पानावर जे झालं ते यानेच टळतं.

क वर्ग

आमचं छोटं सार्वजनिक वाचनालय आहे, सरकारी यादीत क वर्ग. जिल्ह्यात रत्नागिरी नगर वाचनालय १८२८ पासूनचं, त्याच्यापुढे आम्ही म्हणजे पडवीतलं कपाट. पण बालविभाग माझ्याकडे आहे आणि मला एक कागदपत्री नसलेली गोष्ट सांगायची आहे.

पिना. चित्रपुस्तकं मधे दोन पिना मारून येतात. खाऱ्या हवेत दुसऱ्या पावसाळ्याला पिना गंजतात, तांबडा डाग मधल्या चित्रावर पसरतो, मग मधलं पान सुटतं आणि हरवतं. माझ्याकडे अशी नऊ पुस्तकं आहेत ज्यांत गोष्टीचा मधलाच भाग नाही. पोरं तो आपल्या मनाने सांगतात, तो भाग वेगळा. ताई, कधी छापाल आणि विचारण्याइतका मान मिळाला तर दोऱ्याच्या शिवणीचं विचारा. महाग पडते. पण विचारा.

दुसरं, दुकानदार छापील किमतीवर ३५-४० टक्के सूट मागतो, वितरक मधे आला तर त्याहून जास्त. स्वतः छापणारे किंमत ठरवताना हे विसरतात. १०० रुपयांच्या पुस्तकाला ७० खर्च आला तर विकेल तितका तोटा.

आणि गुरुजी, तुमचं कासव आमच्याकडे आहे. २०१२ मध्ये तुम्ही स्वतः आणून दिलं होतंत, मला आठवतंय, पायात गमबूट होते. चौदाव्या पानावर कुणीतरी आईच्या अंगावर पेनाने काट मारली आहे.

माळ्यावरचे गुरुजी

ते पोर सापडलं तर माझ्याकडून एक कोकम सरबत पाजा.

खाडीकाठची बाय

मंडळी, वीस दिवसांनी लिहितेय. मधे सर्वेक्षण लागलं होतं.

त्या पॅकेजवाल्यांना नाही म्हटलं. त्यांनी लगेच २९ हजारांत करून देतो म्हणून सांगितलं. इंजिन उघडलं आहे, पडवीत तेलाचा वास भरलाय.

सहा कागदांची पुस्तिका केली. पहिल्या दिवशी वही वाचावी तसं वाचलं आणि सातव्या पानापर्यंत फक्त दोन पोरं उरली, त्यातलं एक माझ्या मांडीवर अडकलं होतं म्हणून. खुणा केल्या. रात्री बसून निम्मं काढलं. दुसऱ्या दिवशी परत वाचलं. पाचव्या दिवशी एक पोरगी माझं वाक्य संपायच्या आत पान ओढायला लागली, तेव्हा त्या पानावरचं दुसरं वाक्य खोडलं. ते वाक्य मला फार आवडायचं. चंद्राचं होतं.

आणि मग जे झालं ते सांगायलाच आले आहे. गोष्टीत भरती येते, टुण्या येत नाही म्हणतो, शेवटी आई त्याला बिळात ओढते आणि दोघं सुखाने झोपतात. तर एक पोरगा, साडेचार वर्षांचा, बापाबरोबर खाडीत जाणारा, म्हणाला, "बाय, बिळात पाणी जाता मां? मगे ते श्वास कसो घेतत?"

चौदा वर्षं खिडकीतून निवटे बघतेय. हा प्रश्न मला पडला नव्हता. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, देव जाणे, आम्ही ते गळाला लावायचो. मग हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी दोन दिवसांनी फोन केला. निवटा ओल्या कातडीतून श्वास घेतो, म्हणून चिखलात तगतो, हे मला थोडंफार ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. भरतीचं पाणी बिळात शिरतं, आणि त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून निवटे तोंडात हवा भरून घेतात, बिळात आत जातात आणि वरच्या बाजूच्या एका कप्प्यात ती सोडतात. परत वर येतात, परत तोंड भरून नेतात. अंडी त्या कप्प्यात छताला चिकटवलेली असतात, ती त्या हवेवर जगतात. जपानातल्या एका जातीचा यावर अभ्यास झालेला आहे. आणि त्या जातीत हवा वाहून नेणारा आणि अंड्यांची राखण करणारा असतो नर.

गुरुजी, मी पण आईच घातली होती.

आता आईला काढून बाप घातलाय. गोष्ट १४१ शब्दांवर आली आहे. मधली चार पानं अशी आहेत:

«टुण्या चिखलात.
बाबानं आ केला. गाल फुगवले. बिळात गेला.
वर आला. गाल बसलेले.
"टुण्या, पाणी ईला. चल." "मी नाय येवचंय!"»

मग पाणी शेपटीला लागतं, मग पोटाला, बाप प्रत्येक वेळी गाल फुगवून आत जातो आणि रिकामा वर येतो. शेवटी पाणी टुण्याच्या डोळ्यांपर्यंत. तो आ करतो, गाल फुगवतो, आणि टुपकन आत. शेवटच्या पानावर शब्दच नाहीत. नुसतं भरलेलं पाणी आणि एक बुडबुडा.

काल वाचलं तेव्हा सतराच्या सतरा पोरं गाल फुगवून बसली होती. मदतनीस बाई खाऊ घेऊन आली आणि तशीच थांबली.

दुपारी टाइप करून एका ठिकाणी पाठवली. सोबत चित्रं नाहीत, तात्पर्य नाही, फोन नंबर आहे. आता सहा महिने त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय आणि वहीतली चप्पल काढली आहे.

चितारआळीताई, एकच विचारते, पुढे कुणाला फोटो पाठवायची वेळ आलीच तर. गाल फुगवलेला निवटा फोटोत येईल का? मी आठ दिवस खिडकीशी मोबाईल धरून बसतेय, नुसता चिखल येतो.

चितारआळी

खिडकीतून नाही येणार. भरती लागायच्या अर्धा तास आधी काठावर पालथ्या पडा, बिळाकडे तोंड करून. साडी जुनी नेसा.